पॉइंटमधलं अंतर

उदगीरच्या मोंढ्यामागं, पत्र्याच्या शेडात
तुरीच्या भुसकटाखालून येझदी निघाली
तेव्हा हेडलाइटच्या वाटीत कुंभारीण माशीनं
मातीची चार घरं बांधली होती.
आप्पा म्हणाले, थांब, आत पिल्लं असतील.
म्हणून पहिले बारा दिवस
आम्ही फक्त मागच्या चाकाशी बोललो.

पिस्टन धरलेला.
प्लगच्या भोकातून रात्री डिझेल ओतायचं,
सकाळी शाळेच्या आधी मी किकवर उभी.
माझं वजन अडतीस किलो. पिस्टन माझ्याहून हट्टी.
नवव्या दिवशी तो केसभर हलला.
आप्पा आडतीवरची वही उघडी टाकून पळत आले.
काहीच हललेलं दिसत नाही,
हे दोघांनाही दिसत होतं.
तरी चहा झाला.

टाकीत बजरी आणि चिंचेचं पाणी.
एक टोक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं,
झोळीतलं लेकरू झुलवावं तसं.
लेकरू नुसतं खडखडत होतं, गंज ओकत होतं.

खाजाभाई मिस्त्री सायकल टेकवून यायचे,
बिडी विझवून वाकायचे, वास घ्यायचे.
"पॉइंट जल्या है आप्पा, और कुछ नै."
गॅप बघायला फीलर गेज नव्हता.
आप्पांच्या पाकिटातनं एक जुनं पोस्टकार्ड निघायचं,
मधोमध घडी घातलेलं, कडा तेलकट.
ते दोन पॉइंटांत सरकवायचे, डोळे मिटून ओढायचे.
अडकायला पाहिजे, फाटायला नको.
"ठिणगीला एवढंच अंतर लागतंय बघ.
चिकटलं तरी पडत नाही,
लांब गेलं तरी पडत नाही."

रंग घासायचं काम माझं.
वरचा काळा रंग घाईचा,
त्यात ब्रशचे केस अडकलेले.
खाली मरून.
मरूनवर पेंटरची पिवळी, सावली दिलेली अक्षरं.
आधी 'ता' निघाला. मग 'ल'.
मला वाटलं, कुठल्यातरी देवीची कृपा असंल.

हेमलता.

"कोण ही?"
आप्पा पाना पुसत राहिले. पाना आधीच पुसलेला होता.
"माझी अक्का.
म्याट्रिक झाली तवा बापूनं नाव घातलं गाडीवर.
गल्लीभर पेढे वाटले."
"मग?"
"मग काळा रंग आणला."

आमच्या घरात लग्नपत्रिका वाटायच्या
एकशे चाळीस नावांच्या यादीत
ही अक्का कधीच नव्हती.

"तिथं घासू नको," आप्पा म्हणाले.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "घास की.
पण पॉलिशपेपर नको. रॉकेल लाव, बोटानं घास."

त्या संध्याकाळी पोस्टकार्ड पाकिटात जाताना
शिक्क्याचा काठ दिसला, गोल कानडी अक्षरं.
मला कानडी येत नाही.
पण बिदर किती लांब आहे
हे उदगीरच्या पोरीला सांगावं लागत नाही.

येझदीला एकच दांडा.
आत दाबून वर वळवला की किक,
खाली पाडला की तोच गिअर.
सुरू झाली तेव्हा शेड निळ्या धुरानं भरलं,
पत्र्यावरची कबुतरं उडाली,
आणि आईनं खिडकीतनं ओरडून विचारलं,
काय पेटलंय?

रविवारी अंधारातच निघालो.
आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता,
नवीन मरून टाकीवर जुनी पिवळी अक्षरं, जशीच्या तशी.
कुठं चाललोय, आईला सांगितलं नाही.
तिनंही डब्यात तिघांपुरत्या भाकरी बांधल्या.

कमलनगरच्या पुढं पाट्यांची लिपी बदलली
आणि दोन किलोमीटरवर गाडी बंद पडली.
रस्त्याच्या कडेला, उसाच्या पाचटावर
आप्पांनी पॉइंटचं झाकण खोललं,
पाकिटातनं कार्ड काढलं,
माझ्यापुढं धरलं.
"तू घाल. माझा हात हलालाय."

मी घडी उघडली नाही.
सरकवलं. डोळे मिटले. ओढलं.

"अडकलं का?"
"अडकलं."
"मार मग."
मी दांडा आत दाबला, वर वळवला.